दोन मैदानांची हजेरी

आमच्या खाणीवर हॉकीला जास्त लोक येतात की बास्केटबॉलला, हा प्रश्न एका पावसाळ्याच्या शेवटी निघाला आणि उन्हाळा लागायच्या आत निकालात निघाला. मोजणारा मी होतो. त्यामुळे कोण किती आले, कशासाठी आले आणि कोणाला उचलून न्यावे लागले, हे सगळे मला क्रमाने सांगता येते.

खाण मॅंगनीजची. बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता सोडून आत, जंगलात. आमचे बाबा भंडाऱ्याकडून इथे आले ते खड्ड्यात खोदायला. छप्पन साली ते दीक्षेला नागपूरला जाऊन आले आणि परत आल्याबरोबर मला हाताला धरून मोठ्या बाबूसमोर उभे केले. "पोरगा मॅट्रिक हाय साहेब. याले खाली नाही पाठवायचं," एवढेच बोलले. मोठ्या बाबूंनी मला दोन ओळी लिहायला लावल्या, अक्षर पाहिले आणि टाइम ऑफिसात बसवले. तेव्हापासून मी खिडकीच्या आतल्या बाजूला आहे.

टाइम ऑफिसचे काम साधे. प्रत्येक मजुराचा नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला असतो. पाळीवर जाताना मजूर खिडकीतून बिल्ला घेतो, सुटताना परत देतो. बिल्ला गेला आणि आला की हजेरी लागली. हजेरी लागली की पगार. आमच्या लाइनीतल्या, म्हणजे मजुरांच्या खोल्यांच्या रांगेतल्या, लहान पोरांनाही हे ठाऊक असे. खेळताना तीसुद्धा खापराचे गोल घासून बिल्ले करत आणि एकमेकांची हजेरी घेत.

माझा धाकटा भाऊ हॉकी खेळायचा. कागदावर तो तात्पुरता मजूर होता, प्रत्यक्षात फुलबॅक. कंपनीने अशी पंधरा माणसे ठेवली होती. सकाळी पळायचे, संध्याकाळी सराव करायचा आणि रविवारी बाहेरच्या टीमशी सामना. पगार खेळण्याचाच. पण नाव कच्च्या रजिस्टरात. दरवर्षी मार्च आला की नाव कापले जायचे आणि एप्रिलात पुन्हा चढायचे. लामता गावची एक सोयरीक ठरत आली होती. मुलीचे वडील शेतकरी, धान पिकवणारे, मोजके बोलणारे. त्यांनी साफ सांगितले होते, "पोरगा पसंत हाय. पण मार्चमध्ये ज्याचं नाव कापलं जाते त्याले पोरगी कशी द्यावं? पक्क्यावर चढला की सांगा, मी तारीख काढतो." भाऊ सव्वीस वर्षांचा झाला होता. आमच्या एका खोलीत माझी बायको, दोन मुले, बाबा आणि मी. तो ओसरीत झोपायचा.

अशात नवा मॅनेजर आला. कॉलेजात असताना तो बास्केटबॉल खेळलेला. आल्यावर चार महिन्यांत त्याने ऑफिसमागे सिमेंटचे कोर्ट बांधले, भोवती जाळी ठोकली, खांबांवर मोठे बल्ब लावले आणि जबलपूर-रायपूरकडून उंच उंच पोरे आणून त्यांनाही कच्च्या रजिस्टरावर चढवले. दोन टीम पोसणे वरच्या ऑफिसला मान्य होईना. तेव्हा मॅनेजरने वेलफेअर साहेबाला बोलावून सांगितले, की ज्या खेळाला लोक जास्त येतील तो ठेवायचा. त्या टीमची नावे मार्चआधी पक्क्यावर घ्यायची आणि दुसऱ्या टीमची कापायची. वेलफेअर साहेब म्हणजे आमचा कल्याण अधिकारी, उत्तरेकडचा, कायम पान खाणारा. तो माझ्या खिडकीशी आला.

"बाबू, हाज़िरी लेने में तुमसे पक्का कौन है? इनकी भी ले लो."

"साहेब, माझा भाऊ हॉकीत आहे."

"मालूम है. इसीलिए तुम गड़बड़ नहीं करोगे. करोगे तो सबको मालूम पड़ेगा."

मला हे पटले. मी कामाला लागलो.

हॉकीचे मैदान चारी बाजूंनी उघडे. कडेने बांबू रोवून काथ्याची दोरी बांधलेली. लोक दोरीला लागून उभे राहत. मी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढायचो, दोन बांबूंमधली डोकी चार-पाच ठिकाणी मोजायचो आणि त्यावरून सगळ्या मैदानाचा हिशेब काढायचो. झाडावर बसलेले वेगळे. बास्केटबॉलचे सोपे होते. जाळीला एकच फाटक. टाइम ऑफिसात जुन्या, बाद झालेल्या बिल्ल्यांचे पोते पडून होते. मी फाटकावर टेबल टाकले. आत जाणाऱ्याला एक बिल्ला द्यायचा, बाहेर येताना परत घ्यायचा. जेवढे बिल्ले परत, तेवढी माणसे. आकडा चोख.

पहिले काही आठवडे मोजण्यासारखे काही नव्हते. हॉकीला रविवारच्या बाजाराला आलेले सगळे यायचे. दोनशे तर सहज. बास्केटबॉलला तीस-चाळीस, त्यातही अर्धे बल्बचा उजेड पाहायला आलेले. लाइनीत तेव्हा कंदीलच होते. बाया जाळीबाहेर तांदूळ निवडायला घेऊन बसत.

हॉकीला लोक कशासाठी येतात हे मला तेव्हा नीट कळले, कारण मी पहिल्यांदा खेळाकडे न पाहता लोकांकडे पाहत होतो. आमचे मैदान मॅंगनीजच्या चुरीचे. पडले की गुडघ्याचे सालटे निघायचे आणि जखमेत काळे राहून जायचे, ते जन्मभर. हॉकीवाला पोरगा कपडे न काढताही ओळखू यायचा, कोपरे काळी असत. चेंडू लागून नडगी फुटली की दोरीकडून एक आवाज यायचा, हाय-हाय नाही, मिठाई वाटल्यासारखा आवाज.

त्या आवाजातला सगळ्यात मोठा आवाज सुरुंगवाल्या काकाचा. हा आमच्याच लाइनीतला. सुरुंग लावून लावून त्याचे कान गेले होते, म्हणून तो घरातही ओरडूनच बोलायचा. मैदानावर तर विचारूच नका. माझ्या भावावर त्याचा विशेष जीव.

"अबे ए फुलबॅक! चेंडूले काहून मारून राह्यला बे? चेंडूनं तुहं का बिघडवलं? समोरच्याच्या पायाले मार!"

"काका, पंच पाहून राह्यला," भाऊ खेळता खेळता ओरडायचा.

"पंचाले मी पाहतो! तू लामत्याकडे पाह्य!"

सगळे मैदान हसायचे. लामत्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

दिवाळीनंतर तिरोडीकडची एक टीम आली. चांगली टीम. अर्ध्या वेळेपर्यंत दोन गोल झाले, आमच्यावर. तिसऱ्याच्या वेळी त्यांचा पुढचा खेळाडू एकटा आत घुसला. भाऊ आडवा गेला. मी शिडीवरून पाहिले, काठी चेंडूवरून सरकली आणि त्या पोराच्या घोट्यावर बसली. तो खाली पडला. त्यांच्या कप्तानाने येऊन काठीची मूठ आमच्या गोलकीपरच्या तोंडात मारली. गोलकीपरने हात तोंडाला लावून पाहिला, हातात दात होता. मग कोणी कोणाला विचारले नाही. बावीस काठ्या एकदम चालल्या. काठीवर काठी लागली की कोरडा आवाज होतो, माणसावर लागली की ओला. दोन्ही आवाज मला टाकीपर्यंत येत होते. दोरी तुटली, लोक आत आले, बाजारातल्या एकाने वजनकाटा फिरवला. पंच झाडामागे. अर्ध्या तासाने दोन्ही टीमचे लोक एकाच नळावर डोकी धूत होते आणि कोणाचे किती फुटले याची तुलना करत होते.

पुढच्या रविवारी मैदानावर उभे राहायला जागा नव्हती. उकव्याच्या बसने लोक आले. माझा हिशेब चारशेच्या वर गेला.

संध्याकाळी भावाने विचारले तेव्हा मी आकडा सांगितला. लपवण्यासारखे काही नव्हते, दर सोमवारी तो ऑफिसच्या फळ्यावर लागतच होता. तो बराच वेळ ओसरीत काठीला दोरा गुंडाळत बसला.

"दादा, मांगच्या रविवारी आपण हारलो ना?"

"हौ."

"अन् यावेळी जिंकलो. पण गर्दी मारामारीनं आलती. जिंकल्यानं नाही."

"तसंच दिसते."

"मंग सोपं हाय," तो म्हणाला.

त्यांनी हे टीममध्ये ठरवले की आपोआप झाले, मी विचारले नाही. पण त्यानंतर आमच्या मैदानावर एकही सामना धड पुरा झाला नाही. दुसऱ्या टीमचा पहिला गोल होईपर्यंत सगळे शांत. गोल झाला की आमचा कोणी तरी पडायचा, त्याला उचलायला दुसरा जायचा आणि उचलता उचलता एखाद्याच्या पोटरीवर काठी बसायची. एकदा गोंदियाहून आलेल्या एका पोराच्या भुवईवर भावाची काठी बसली. कातडे पापणीवर लोंबले. तो पोरगा एका हाताने कातडे वर धरून दुसऱ्या हाताने काठी चालवत होता. मी शिडीवरून उतरलो आणि टाकीमागे जाऊन उभा राहिलो. वर आलो तेव्हा काका ओरडत होता, "पक्का होजो लेका! पक्का होजो!" आणि दोरीवरची माणसे टाळ्या वाजवत होती. मी डोकी मोजली.

घरी मी भावाला बोललो.

"त्याचा डोळा गेला असता."

"गेला का?"

"नाही, पण..."

"मंग? दादा, तू खिडकीच्या अंदर हायेस. माह्यं नाव मार्चमध्ये कापते."

बाबा खाटेवरून म्हणाले, "तो बरोबर सांगून राह्यला."

याच सुमारास बास्केटबॉलचा आकडा चढू लागला. आधी मला वाटले, थंडी वाढली म्हणून लोक बल्बखाली येतात. पण आकडा थांबेना. चाळीसाचे दीडशे झाले, दीडशेचे चारशे. पाळी सुटली की मजूर हातपाय न धुता, डबा काखेत, सरळ फाटकावर रांगेत. आणि हे लोक वेगळे होते. हॉकीचा माणूस उभा राहतो, शिव्या देतो, पुढे घुसतो. हे आत जाऊन सिमेंटच्या कडेला मांडी घालून बसत आणि खेळाकडे पाठ करून गप्पा मारत. काही सरळ झोपत. चेंडू टोपलीत पडला तरी कोणी मान वर करत नसे. मात्र शेवटची शिटी होईपर्यंत एकही माणूस उठत नसे. शिटी झाली की पुन्हा रांग, आणि बिल्ला देताना प्रत्येक जण वाकून पाहणार, की मी तो पेटीत टाकला की नाही. जबलपूरचा एक खेळाडू मला म्हणाला, "बाबूजी, ऐसा पब्लिक कहीं नहीं देखा. हल्ला ही नहीं करता."

फेब्रुवारी लागला तेव्हा दोन्ही आकडे बरोबरीला आले. पुढच्या आठवड्यात बास्केटबॉल पुढे गेले. हॉकीत त्या रविवारी दोन जणांची डोकी फुटली होती, तरी पुढे गेले. भाऊ फळ्यासमोर उभा राहून आकडा वाचत होता. मी आतून त्याची पाठ पाहिली.

कारण मला बायकोने सांगितले. ती नळावरून आली, घागर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवो, बास्केटबॉलले गेलं की अर्धी हजेरी लावता म्हणे तुम्ही?"

"कोण म्हणते?"

"सगळी लाइन म्हणते. बिल्ला घेतला अन् परत देला की अर्धा रोज. मांगचा सगळा जोडून या पगारात लागून येणार हाय. मी म्हटलं, मले तर घरात काही सांगत नाही हा माणूस. बायांलेबी बिल्ले द्या ना मंग, आम्ही का पाप केलं?"

मी ताट सारले आणि तसाच उठलो. आता सगळे लक्षात येत होते. टाइम ऑफिसचा बाबू, टाइम ऑफिसचे टेबल, टाइम ऑफिसचा बिल्ला. आत जाताना घ्यायचा, सुटताना द्यायचा. आमच्या खाणीवर याचा अर्थ एकच होतो. मोजायला सोपे म्हणून मी बिल्ले काढले होते, दुसरा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. लोकांनी मात्र तो लगेच केला होता. साहेबाला हा खेळ आवडतो, पाहणारे पाहिजेत, म्हणून तो पाहण्याचा रोज देतो आहे. हॉकी खेळणाऱ्यांना खेळण्याचा पगार मिळतो, मग पाहणाऱ्यांना पाहण्याचा का मिळू नये? यात त्यांचे काय चुकले, हे मला आजही सांगता येत नाही.

सकाळी मी वेलफेअर साहेबाकडे गेलो. त्याने ऐकून घेतले आणि पान थुंकण्यासाठी खिडकीपर्यंत जाऊन आला. हसत होता.

"तो इसलिए आ रहे हैं! मैं भी सोचूँ."

"साहेब, आज दवंडी द्या. पगाराच्या दिवशी त्रास होईल."

"पगार के दिन अपने आप समझ जाएँगे. साहब गिनती देखकर खुश हैं, बीच में क्यों बिगाड़ना." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "और तुम्हारा भाई हॉकी में है ना?"

मी बाहेर आलो. त्या संध्याकाळी फाटकावर प्रत्येकाला बिल्ला देताना मी तोंडाने सांगत गेलो. भाऊ, याची हजेरी लागत नाही. काका, हा फक्त मोजायचा बिल्ला आहे. मामा, घरी जा. पहिल्या दहा-बारा जणांनी ऐकून घेतले. मग रांगेतून एक जण बोलला, "याचा भाऊ हॉकीत हाय. याले आपल्याले हाकलायचं हाय." सगळे हसले. एकाने माझ्या खांद्यावर थोपटले. "बाबू, तू लिहीत जा. तुहं काम लिहाचं हाय." त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त माणसे आली. मी सांगितले म्हणूनच आली असावीत.

भावाला सांगितले. मला वाटले तो आनंदेल, कारण आकडा खोटा ठरत होता. तो फक्त म्हणाला, "पगार कधी?"

"शनिवारी."

"मंग शनिवारी पाहू."

शनिवारी पगार व्हरांड्यात वाटला. पहिल्या माणसाने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, खिडकीतून आत पाहिले आणि विचारले, "बास्केटबॉलचं?" कॅशियरला काहीच माहीत नव्हते. तो म्हणाला, "कैसा बास्केटबॉल?" दुसऱ्याने विचारले, तिसऱ्याने विचारले. मग विचारणे थांबले. मला त्यांच्या विचारण्याची भीती नव्हती, विचारणे थांबण्याची होती. लोक पैसे घेऊन बाजूला होत आणि घरी न जाता उभे राहत.

त्या संध्याकाळी सामना होता. मी म्हटले, रद्द करा. वेलफेअर साहेब म्हणाला, मॅनेजर साहेबांचे पाहुणे आले आहेत. मी फाटकावर टेबल टाकले. सगळे रांगेत आले, अगदी शिस्तीत. बिल्ले घेतले, आत गेले. यावेळी कोणी बसले नाही. मी शेवटचा बिल्ला दिला आणि आत पाहिले, कोर्टाच्या चारी बाजूंनी माणसे उभी होती आणि पांढऱ्या गंजीतली दहा पोरे मधोमध चेंडू आपटत होती.

शिटी वाजली आणि पहिला बिल्ला उडाला.

पितळी बिल्ला फेकला की भोवऱ्यासारखा फिरत जातो, त्याची कड धारेची असते. जबलपूरच्या पोराच्या कपाळावर तो लागला आणि रक्त डोळ्यांत उतरले. त्याला कळेना काय झाले, तो चेंडू धरून उभाच. मग चारशे-पाचशे बिल्ले एकदम आले. बल्ब फुटले. पाहुणे खुर्च्या डोक्यावर घेऊन पळाले. पोरांनी हात तोंडावर धरले, बिल्ले बोटांवर लागले. एकाचा कान अर्धा लोंबत होता. लोक जाळीला लटकून ती उपटायला लागले, तिच्या तारांनी स्वतःचेच हात फाडून घेतले, तरी ओढत राहिले. कोणी तरी खाणीतला दोर आणला होता. तो टोपलीच्या खांबाला बांधला. आमचे लोक रोज दगड ओढणारे, खांब तिसऱ्या झटक्याला आला. तो पडला त्याखाली एका मजुराचा पाय सापडला. त्याचे ओरडणे कोणालाच ऐकू येत नव्हते. मी टेबल आडवे करून त्यामागे बसलो होतो. माझ्यावर कोणी हात टाकला नाही. एक जण टेबलावरून उडी मारताना म्हणालासुद्धा, "बाबू, तू सरक, लागन."

वेलफेअर साहेब हॉकीच्या मैदानाकडे पळाला होता. तिथे सराव चालला होता. तो काय म्हणाला हे मला नंतर टीममधल्या तिघांनी सांगितले आणि तिघांचे शब्द जुळले. "गार्ड चार हैं. हॉकी तुम पंद्रह के पास है. आज जो मेरे साथ खड़ा होगा, उसका नाम सोमवार को पक्का." चार जणांनी काठ्या टाकल्या आणि ते घरी गेले. अकरा आले.

ते ओळीने आत शिरले, खेळायला उतरतात तसे. लोकांना आधी आनंदच झाला. कोणी तरी ओरडले, "हॉकीवाले आले रे, आपले पोट्टे आले!" गर्दीने त्यांना वाट करून दिली. त्या वाटेच्या मधोमध जाऊन त्यांनी काठ्या फिरवल्या.

मी सहा महिने त्या काठ्या पाहिल्या होत्या, वरून, शिडीवरून. जमिनीवरून वेगळे दिसते. काठी खालून येते, गुडघ्याच्या उंचीवर, आणि माणूस दुमडतो. मग दुसरी वरून येते. अकरा काठ्या होत्या आणि समोर माणसे पाचशे, पण माणसांच्या हातात काही उरले नव्हते, बिल्ले फेकून झाले होते. ती फाटकाकडे वळली. फाटक एकच. चेंगरत, एकमेकांवर पडत, माझे टेबल मोडून निघाली. माझ्या हातावरून कोणाची टाच गेली आणि दोन बोटे मोडली.

सुरुंगवाला काका पळाला नाही. त्याला मागून काही ऐकू येत नव्हते, आणि हॉकीवाले आपल्याच बाजूने आले आहेत अशीच त्याची समजूत होती. तो माझ्या भावाकडे तोंड करून, हात वर करून, नेहमीच्या आवाजात ओरडत होता, "मार लेका! मार! सोडू नको एकालेबी!" भावाने काठी उचलली. मला वाटते त्याने ओळखले होते. बल्ब फुटले होते, पण तेवढा उजेड होता. काठी खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मला फाटकापाशी आला.

काका खाली बसला. मोडलेला हात मांडीवर घेऊन त्याने वर पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला.

"वा बे. आज लागला निशाण्यावर."

बालाघाटहून पोलिसांची गाडी आली तोवर सगळे संपले होते. खांबाखालच्या मजुराचा पाय कापावा लागला. जबलपूर-रायपूरची पोरे कपाळाला, कानाला पट्ट्या बांधून दुसऱ्या दिवशीच्या बसने गेली. काकाचे हाड वाकडे जुळले. सुरुंगाचे भोक पाडायला दोन हात लागतात, ते काम सुटले.

वेलफेअर साहेबाने शब्द पाळला. सोमवारी अकरा नावे पक्क्या रजिस्टरावर चढली. मोडलेल्या बोटांनी मला लिहिता येत नव्हते, म्हणून दुसऱ्या बाबूने लिहिली. बास्केटबॉल संपले होते, म्हणजे हॉकी जिंकली होती.

पहिल्या रविवारी मी शिडीवर चढलो. बाजार भरला होता. लोक पिशव्या घेऊन मैदानाच्या कडेने गेले, दोरीला हात न लावता. सामना पूर्ण झाला, कोणी कोणाला मारले नाही, आमचे पोट्टे चार गोलांनी जिंकले. पुढच्या रविवारी तसेच. तिसऱ्या रविवारी मॅनेजरने निरोप पाठवला की आता मोजायची गरज नाही. टीम पावसाळ्यापर्यंत टिकली. मग काठ्या स्टोअरमध्ये जमा झाल्या आणि अकराही जणांना चौकीदारीवर घेतले.

लामत्याला मी पत्र टाकले. मुलीच्या वडिलांनी तारीख काढली. मी याद्या केल्या. वऱ्हाडासाठी कंपनीचे दोन ट्रक मागून घेतले, सगळी लाइन येणार असे धरून. घरोघरी मी स्वतः गेलो. कोणी नाही म्हटले नाही. "येऊ ना बाबू," म्हणाले. काकाच्या बायकोने तर बसायला पाट दिला. काका भिंतीकडे तोंड करून निजला होता. त्याला ऐकू गेले नसावे, किंवा गेले असावे.

निघायच्या दिवशी दोन्ही ट्रक सकाळपासून लाइनीसमोर उभे होते. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला. दारे उघडी होती, चुली पेटलेल्या होत्या, बाया अंगण झाडत होत्या. एका ट्रकला मी परत पाठवले. दुसऱ्यात आम्ही घरचे बसलो, शिवाय टीममधले चार जण आणि वेलफेअर साहेब, पुढे ड्रायव्हरशेजारी.

लामत्याला मांडवाबाहेर पाहुण्यांसाठी पाण्याच्या घागरी ओळीने मांडल्या होत्या. मुलीचे वडील धोतर सावरत पुढे आले. त्यांनी ट्रकमध्ये पाहिले, मग ट्रकमागच्या रस्त्याकडे पाहिले.

"वऱ्हाड मांगून येऊन राह्यलं का?" त्यांनी मला विचारले.

मी काही तरी सांगणार होतो, बस चुकली, पाळी बदलली. भावाने मला बोलू दिले नाही. तो फेटा हातात धरून ट्रकमधून खाली उतरला.

"नाही मामा," तो म्हणाला. "एवढंच हाय."

मुलीच्या वडिलांनी मांडवाकडे वळून आत आवाज दिला, की पानं कमी मांडा.